शेजारच्या फोनला फाइल पाठवताना: फोन दिसत का नाही, फाइल अडकते कुठे आणि काय करायचं

हळदीचा चार मिनिटांचा फोर-के व्हिडिओ साधारण सव्वा ते दीड जीबी भरतो. तो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला की दाबून लहान केला जातो. मोबाइलवर बघताना फरक जाणवत नाही, पण टीव्हीवर लावला किंवा अल्बमवाल्याकडे दिला की चेहरे फुटलेले दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा टिकतो, पण मग दीड जीबी आपण अपलोड करायचा आणि तेवढाच समोरच्याने डाउनलोड करायचा. दोन्ही फोन एकाच खोलीत असताना हा सगळा द्राविडी प्राणायाम करायची गरज नाही. फोन थेट फोनशी बोलू शकतात, इंटरनेट लागत नाही, डेटा खर्च होत नाही आणि फाइल जशी काढली तशीच पोचते.

ही सोय बहुतेक फोनांत आधीपासून असते. तरीही लोक दोनदा प्रयत्न करून पुन्हा व्हॉट्सॲपकडे वळतात, कारण समोरचा फोन यादीत दिसतच नाही. नेमकं तिथेच काय होतं हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

आत काय घडतं

अँड्रॉइडमधलं क्विक शेअर असो की आयफोनमधलं एअरड्रॉप, काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात फोन ब्लूटूथवरून आजूबाजूला हाक देतो आणि कोण घ्यायला तयार आहे ते शोधतो. ब्लूटूथला बॅटरी कमी लागते म्हणून शोधाचं काम त्याच्याकडे. समोरच्याने होकार दिला की दुसरा टप्पा: दोन्ही फोन आपसात थेट वायफायची जोडणी करतात आणि खरी फाइल त्यावरून जाते. राउटर लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. राजगडाच्या माचीवर नेटवर्कची एक काडी नसली तरी हे चालतं.

म्हणून ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही चालू हवेत, दोन्ही फोनांवर. 'मी वायफायला जोडलेलोच नाही, मग ते कशाला चालू करू?' हा प्रश्न हमखास येतो. कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसलं तरी चालतं, फक्त बटण चालू पाहिजे.

बिघाड शोधतानाही हेच दोन टप्पे लक्षात ठेवा. समोरच्याचं नाव यादीत येत नसेल तर गडबड ब्लूटूथ, परवानग्या किंवा 'कोणाला दिसायचं' या सेटिंगमध्ये आहे. नाव येतं पण 'कनेक्टिंग'वर चाक फिरत राहतं, तर गडबड वायफायच्या बाजूला आहे. नाव दिसत नसताना वायफाय बंद-चालू करत बसण्यात, किंवा जोडणी अडकलेली असताना दृश्यमानतेच्या सेटिंगमध्ये शिरण्यात वेळ फुकट जातो.

वेगाचा अंदाजही आधीच घ्या. नुसत्या ब्लूटूथवरून प्रत्यक्षात सेकंदाला पाव एमबीच्या आसपास जातं, म्हणजे तो दीड जीबीचा व्हिडिओ पोचायला दीड तासाहून जास्त वेळ लागेल. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर (हा वायफायचा संथ पट्टा, म्हणजे बँड) सेकंदाला तीन ते पाच एमबी धरले तर तेच काम पाच ते आठ मिनिटांचं. ५ गिगाहर्ट्झवर चांगले फोन सेकंदाला वीस-तीस एमबी आणि त्याहून जास्तही सहज ओढतात, म्हणजे मिनिटभराचा खेळ. स्क्रीनवर 'एक तास बाकी' असं दिसू लागलं तर थांबू नका. वायफायची जोडणी झालेली नाही आणि काम ब्लूटूथवरच रेटलं जातंय असं समजा, रद्द करा आणि पुन्हा पाठवा.

अँड्रॉइडकडून अँड्रॉइडकडे: क्विक शेअर

गूगलने ऑगस्ट २०२० मध्ये ही सोय 'निअरबाय शेअर' नावाने आणली, अँड्रॉइड ६ आणि पुढच्या फोनांसाठी. सॅमसंगची स्वतःची 'क्विक शेअर' वेगळी होती. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही एकत्र झाल्या आणि नाव 'क्विक शेअर' राहिलं. वेगळं ॲप उतरवायचं नाही, ती गूगल प्ले सर्व्हिसेसचा भाग आहे. जुन्या फोनवर अजून 'निअरबाय शेअर' दिसत असेल तर प्ले सर्व्हिसेस अपडेट करून घ्या.

सेटिंगचा रस्ता कंपनीगणिक बदलतो. त्यामुळे मेनूत भटकण्यापेक्षा सेटिंग्जमधल्या शोधपट्टीत 'क्विक शेअर' टाइप करा. तिथे दोन गोष्टी आत्ताच करून ठेवा.

पहिली, फोनचं नाव. कार्यालयात दहा जणांकडे एकाच मॉडेलचा फोन असतो आणि यादीत एकाखाली एक 'रेडमी नोट', 'रेडमी नोट', 'रेडमी नोट' येतात. त्यातला काकांचा कोणता? नाव बदलून 'नाना, नाशिक' किंवा 'ताईचा निळा' असं काहीतरी ओळखू येणारं ठेवा. पूर्ण नाव-आडनाव किंवा फोन नंबर मात्र टाकू नका. फोन सर्वांना दिसतोय असं सेटिंग असताना ते नाव अनोळखी माणसांनाही दिसतं.

दुसरी, दृश्यमानता. इथे चार पर्याय येतात: फक्त आपली उपकरणं, संपर्कातले लोक, सर्वजण आणि कोणीही नाही. 'संपर्क' हा पर्याय ऐकायला सगळ्यात समंजस वाटतो आणि सगळ्यात जास्त अडचणीही तोच करतो. त्यासाठी दोघेही गूगल खात्यात लॉग-इन हवेत, आणि तुमच्या खात्याला जोडलेला ईमेल किंवा नंबर समोरच्याच्या संपर्कांत असायला हवा, तोही गूगल खात्यात जतन केलेल्या संपर्कांत. मावशीच्या फोनमध्ये तुमचा नंबर सिमवर जतन असेल तर रोज फोनवर बोलणं होऊनही क्विक शेअरच्या लेखी तुम्ही परके. नेहमीच्या माणसांसाठी हे एकदा नीट बसवून घेण्यासारखं आहे. लग्नघरातल्या घाईत मात्र 'सर्वजण' निवडा, दहा मिनिटांपुरतं. वेळ संपली की सेटिंग आपोआप मागे जातं.

आता प्रत्यक्ष पाठवणं:

१. दोन्ही फोनांवर ब्लूटूथ आणि वायफाय चालू करा, हॉटस्पॉट बंद करा, बॅटरी सेव्हर बंद करा.

२. घेणाऱ्याने स्क्रीन चालू आणि लॉक उघडा ठेवायचा. खिशातला फोन शोधात सापडत नाही. वरून खाली ओढून येणाऱ्या पॅनेलमधलं 'क्विक शेअर' दाबून त्याने 'सर्वजण' निवडावं.

३. पाठवणाऱ्याने गॅलरीत फोटो निवडून 'शेअर' आणि मग 'क्विक शेअर' दाबायचं.

४. पाच ते दहा सेकंद थांबा. यादी एकदम भरत नाही, नावं एकेक करून येतात. वीस सेकंदांत आलं नाही तर शेअरची खिडकी बंद करून पुन्हा उघडा, कारण शोध तेव्हा नव्याने सुरू होतो.

५. नावावर टिचकी मारा. घेणाऱ्याच्या फोनवर 'स्वीकारा' असं येईल. दोन्हीकडे चार आकडी पिन दिसत असेल तर तो जुळतो का पाहा आणि मगच स्वीकारा.

६. काम संपेपर्यंत दोन्ही फोन जवळजवळ ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

एवढं करूनही नाव येत नसेल तर क्यूआर कोडचा मार्ग आहे. पाठवणाऱ्याच्या क्विक शेअरच्या खिडकीत क्यूआर कोडचं बटण असतं. ते दाबलं की चौकट दिसते, घेणाऱ्याने कॅमेऱ्याने ती स्कॅन करायची आणि जोडणी सुरू होते. यात दृश्यमानतेचा प्रश्नच येत नाही. ज्येष्ठांच्या फोनवर काही पाठवायचं असेल तर हाच मार्ग आधी वापरावा असं आमचं मत आहे: त्यांना सेटिंगमध्ये शिरावं लागत नाही, कॅमेरा उघडला की झालं.

आपल्याच गूगल खात्यावरच्या दोन उपकरणांत, म्हणजे फोन आणि टॅबमध्ये, स्वीकारण्याची पायरीही लागत नाही. विंडोजसाठीही गूगलचं क्विक शेअर मोफत मिळतं. ते लॅपटॉपवर बसवलं की केबल शोधणं बंद होतं.

लोकेशन का मागतात?

'फोटो पाठवायला लोकेशन कशाला?' हा संशय योग्यच आहे, आणि त्याचं उत्तर माहीत असावं. आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं कोणती हे कळलं की फोन कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथने शोध घेणाऱ्या ॲपला लोकेशनची परवानगी घ्यावी लागे. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'निअरबाय डिव्हायसेस' ही वेगळी परवानगी आहे. तेव्हा फोन जुना असेल तर पाठवण्यापुरतं लोकेशन चालू करा, झालं की बंद करा. जुन्या आणि नव्या फोनच्या जोडीत नाव दिसत नसेल तर बरेचदा जुन्या फोनचं लोकेशन बंद असणं एवढंच कारण निघतं.

आयफोनकडून आयफोनकडे: एअरड्रॉप

ॲपलने एअरड्रॉप २०११ मध्ये मॅकवर आणि २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत आयफोनवर आणलं. रस्ता एकच आहे: सेटिंग्ज, मग जनरल, मग एअरड्रॉप. पर्याय तीन: घेणं बंद, फक्त संपर्क आणि दहा मिनिटांसाठी सर्वजण. पूर्वी 'सर्वजण' कायमचं ठेवता येत असे. लोकलच्या डब्यात किंवा विमानात अनोळखी माणसं नको ती चित्रं पाठवत, म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये आयओएस १६.२ पासून सगळीकडे दहा मिनिटांची मर्यादा आली. ही मर्यादा योग्यच आहे. पण 'काल चालत होतं, आज दिसत नाही' या तक्रारीमागे बहुधा तीच असते, तेव्हा पहिल्यांदा हे सेटिंग बघा.

'फक्त संपर्क' चालायला दोघेही आयक्लाउडमध्ये लॉग-इन हवेत, आणि पाठवणाऱ्याच्या ॲपल खात्याचा ईमेल किंवा नंबर घेणाऱ्याच्या संपर्कांत हवा. पर्सनल हॉटस्पॉट दोन्हीकडे बंद पाहिजे. हे वारंवार विसरलं जातं, कारण लॅपटॉपला नेट द्यायला तो चालू केलेला असतो आणि तसाच राहतो. ॲपल नऊ मीटरचं अंतर सांगते, पण मोठी फाइल असेल तर फोन हातभर अंतरातच ठेवा.

आयओएस १७ पासून दोन आयफोनांची वरची टोकं एकमेकांजवळ नेली तरी पाठवणं सुरू होतं. १७.१ पासून मध्येच लांब गेलात तर उरलेली फाइल इंटरनेटवरून पूर्ण होते. त्यासाठी दोघेही आयक्लाउडमध्ये लॉग-इन हवेत. हे सोयीचं असलं तरी दीड जीबी मोबाइल डेटावरून जाऊ द्यायचा नसेल तर एअरड्रॉपच्याच सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचं बटण बंद ठेवा.

पाठवण्याआधी एक सवय लावून घ्या. शेअरच्या खिडकीत वरती 'ऑप्शन्स' असतं. फोटो कुठे काढला याचं लोकेशन पाठवायचं की नाही ते तिथे ठरवता येतं. घरात काढलेले मुलांचे फोटो फारशा ओळखीच्या नसलेल्या माणसाला देताना लोकेशन काढूनच द्या. ओएलएक्ससारख्या ठिकाणी विकायच्या वस्तूचे फोटो देतानाही तसंच.

अँड्रॉइड आणि आयफोन समोरासमोर

घरातल्या घरात सगळ्यात जास्त गरज याच जोडीची लागते. मुलाकडे आयफोन, आईबाबांकडे अँड्रॉइड, आणि फोटो हवेत दोघांना. ब्लूटूथने पाठवायचा प्रयत्न करू नका: आयफोन ब्लूटूथवरून फाइल घेत नाही आणि देतही नाही. जोडणी 'पेअर' झाली तरी फाइल जाणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने क्विक शेअर थेट एअरड्रॉपशी जोडलं आणि सुरुवात आपल्याच पिक्सेल १० फोनांपासून केली. अशा फोनवर आयफोनवाल्याने 'दहा मिनिटांसाठी सर्वजण' निवडलं की आयफोनचं नाव क्विक शेअरच्या यादीत येतं. तुमच्या फोनमध्ये ही सोय आहे का हे तपासायची सोपी रीत तीच: आयफोनवर सर्वजण चालू करून अँड्रॉइडवर क्विक शेअर उघडा आणि नाव येतंय का पाहा.

नाव आलं नाही तर लोकलसेंड हे ॲप वापरा. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. अट एकच: दोन्ही उपकरणं एकाच वायफाय नेटवर्कवर हवीत. घरी राउटर असेल तर अडचण नाही. बाहेर असाल तर एका फोनचा हॉटस्पॉट पुरतो, आणि इथे एक बारीक गोष्ट आहे. आयफोनचा हॉटस्पॉट मोबाइल डेटा चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर डेटा बंद ठेवूनही हॉटस्पॉट सुरू होतो. म्हणून हॉटस्पॉट अँड्रॉइडवर करा, डेटा बंद ठेवा आणि आयफोन त्याला जोडा. डेटा चालू राहिला तरी फाइल आपसातच जाते, पण हॉटस्पॉट मिळाल्यावर आयफोन मागच्या मागे फोटोंचा बॅकअप आणि अपडेट सुरू करू शकतो आणि दिवसाचा डेटा तासाभरात संपतो.

क्रम असा:

१. नेट असतानाच दोन्ही फोनांवर प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरमधून लोकलसेंड उतरवून ठेवा. सहलीला निघण्याच्या आदल्या रात्री, गडावर पोचल्यावर नाही.

२. अँड्रॉइडवर मोबाइल डेटा बंद करा आणि हॉटस्पॉट चालू करा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड निवडता येत असेल तर ५ गिगाहर्ट्झ ठेवा.

३. आयफोन त्या हॉटस्पॉटला जोडा. 'इंटरनेट नाही' असं आलं तरी जोडणी सोडू नका.

४. दोन्हीकडे लोकलसेंड उघडा. आयफोनवर पहिल्यांदा 'लोकल नेटवर्क'ची परवानगी विचारली जाते, ती द्या.

५. घेणाऱ्याने 'रिसीव्ह' उघडून ठेवायचं, पाठवणाऱ्याने 'सेंड'मध्ये फोटो निवडायचे आणि खाली दिसणाऱ्या नावावर टिचकी मारायची.

लोकलसेंड प्रत्येक फोनला एक विशेषण आणि एका फळाचं नाव जोडून आपणच इंग्रजी नाव देतं. 'क्यूट ॲपल'सारखं काही यादीत दिसलं तर दचकू नका. घेणाऱ्याच्या स्क्रीनवर तेच नाव मोठ्या अक्षरात असतं, ते जुळवून घ्या. नावाजवळ एक आकडाही असतो. यादीत फोन आपोआप आला नाही तर पत्ता हाताने टाकण्याच्या खिडकीत तो आकडा लिहून जोडणी करता येते.

चौथ्या पायरीवर चुकून 'नको' दाबलं गेलं तर आयफोन त्या ॲपला नंतर कधीच काही दिसू देत नाही, आणि कारणही सांगत नाही. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकल नेटवर्क या रस्त्याने जाऊन लोकलसेंडसमोरचं बटण चालू करा. आयफोनवर ॲप समोर उघडं राहिलं पाहिजे. मध्येच व्हॉट्सॲप बघायला गेलात किंवा स्क्रीन विझली की आयओएस ॲपला झोपवतं आणि पाठवणं तुटतं. मोठं काम असेल तर 'ऑटो लॉक' तेवढ्यापुरतं 'नेव्हर' करा.

समोरच्याकडे ॲप नसेल आणि घ्यायचंही नसेल, तर लोकलसेंडमध्येच 'लिंकने पाठवा' असा पर्याय आहे. मिळालेला पत्ता समोरच्याने आपल्या ब्राउझरमध्ये टाकला की फाइल उतरते. फक्त त्याचाही फोन त्याच वायफायवर हवा.

हॉटेल, ऑफिस किंवा कॉलेजच्या वायफायवर लोकलसेंड बहुधा चालत नाही. अशा नेटवर्कवर एका पाहुण्याचं उपकरण दुसऱ्याला दिसू नये म्हणून राउटर मुद्दाम आडभिंत घालतो. ती त्यांची सुरक्षा आहे. तिथे वेळ न घालवता सरळ हॉटस्पॉट करा. व्हीपीएन चालू असेल तर तो आधी बंद करा, त्यानेही फोन एकमेकांना दिसत नाहीत.

जोडणी होते पण अडखळते

नाव दिसलं, समोरच्याने स्वीकारलं, आणि मग काहीच होत नाही. अशा वेळी सर्वात आधी हॉटस्पॉट बघा. बऱ्याच फोनांना हॉटस्पॉट आणि थेट वायफाय जोडणी एकाच वेळी झेपत नाही. (लोकलसेंडला हॉटस्पॉट हवा आणि क्विक शेअरला तो नको, एवढा फरक लक्षात ठेवा.)

वेग रडतोय? फोन ज्या राउटरला जोडलेला आहे तो २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर पुष्कळ फोन थेट जोडणीही त्याच चॅनेलवर करतात. मग समोरासमोर असूनही वेग राउटरच्या गर्दीत अडकतो. वायफाय बंद करू नका, फक्त त्या नेटवर्कपासून फोन तोडा आणि पुन्हा पाठवा. इमारतीत शेजारपाजारचे राउटर दाटीने असतात, तिथे याने लगेच फरक पडतो. ब्लूटूथ हेडफोन आणि स्मार्टवॉचही तेवढा वेळ तोडून ठेवा.

अर्ध्यात तुटत असेल तर जागा तपासा. दीड जीबी घ्यायचा तर किमान दोन-अडीच जीबी मोकळी हवी. आणि ज्यांनी 'सगळं मेमरी कार्डवर' अशी सेटिंग केली आहे त्यांच्यासाठी: ३२ जीबी किंवा त्याहून लहान कार्डं बहुधा एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही. कार्डावर दहा जीबी मोकळी असली तरी पाच जीबीचा व्हिडिओ शेवटाकडे येऊन फसतो. तो फोनच्या मेमरीत घ्या, किंवा व्हिडिओचे तुकडे करा.

फोटो शेकड्यांनी असतील तर एका दमात आठशे पाठवू नका. पन्नास ते शंभरचे गठ्ठे करा. एक गठ्ठा तुटला तर तेवढाच पुन्हा पाठवायचा, आणि काय पोचलं काय राहिलं याचा हिशोब राहतो.

पोचलं, पण सापडत नाही किंवा उघडत नाही

अँड्रॉइडवर क्विक शेअरने आलेल्या फाइली 'डाउनलोड्स'मध्ये, बहुधा तिथल्या 'क्विक शेअर' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. गॅलरीच्या मुख्य पानावर नाही दिसल्या तर अल्बममध्ये बघा. आयफोनवर एअरड्रॉपचे फोटो सरळ फोटो ॲपमध्ये येतात, बाकीच्या फाइलींसाठी कुठे ठेवायचं ते विचारलं जातं. आयफोनवर लोकलसेंडने आलेले फोटो दिसत नसतील तर लोकलसेंडच्या सेटिंगमध्ये 'गॅलरीत जतन करा' चालू आहे का पाहा, नाहीतर ते 'फाइल्स' ॲपमध्ये पडून राहतात.

आयफोनचे फोटो बहुधा 'हाइक' (HEIC) या फाइल-प्रकारात असतात. आजचे अँड्रॉइड फोन ते उघडतात, पण जुना फोन, जुना लॅपटॉप किंवा गावातलं फोटो छापणारं दुकान नाकारू शकतं. छपाईसाठी देणार असाल तर आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स'खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. मात्र हे पुढच्या फोटोंना लागू होतं, आधी काढलेले बदलत नाहीत.

काय स्वीकारायचं नाही

यादीतलं अनोळखी नाव, न मागता आलेली फाइल, आणि शेवटी 'एपीके' असलेलं काहीही: तिन्ही नाकारा. एपीके म्हणजे फोटो किंवा पत्रिका नाही, ते ॲप बसवणारं पॅकेज आहे. 'लग्नपत्रिका' किंवा 'चलान' या नावाच्या एपीके फाइलींतून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार व्हॉट्सॲपवर सर्रास होतात, आणि जवळून आलेली फाइलही तेवढीच घातक असू शकते. ओळखीच्याने दिलेलं ॲपसुद्धा प्ले स्टोअरवरूनच घ्या.

शेअरइट आणि झेंडर ही ॲप एकेकाळी घराघरांत होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत ही दोन्ही होती. त्यांच्या नावाने फिरणाऱ्या एपीके फाइली घेऊन बसवू नका. वर सांगितलेल्या तीन मार्गांनी ती गरजच उरलेली नाही.

साधा बटणांचा फोन आणि नवा फोन

आजोबांच्या बटणांच्या फोनवर भजनं पाठवायची तर ब्लूटूथच कामाचं. अँड्रॉइडवरून दोन्ही फोन आधी पेअर करा, मग ऑडिओ फाइल निवडून शेअरमध्ये 'ब्लूटूथ' घ्या. फाइल एमपी३ असावी. पाच एमबीच्या गाण्याला साधारण वीस-पंचवीस सेकंद लागतात, तेव्हा एका वेळी दहा-बारा गाणी ठीक. फोनमध्ये मेमरी कार्ड नसेल तर बहुतेक फाइली 'मेमरी फुल' म्हणून परत येतील.

जुन्या फोनवरून नव्यावर सगळंच न्यायचं असेल तर क्विक शेअर किंवा एअरड्रॉपने एकेक करत बसू नका. नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच 'जुन्या फोनवरून डेटा आणा' असं विचारलं जातं, ते त्या वेळी करून टाका. सॅमसंगसाठी स्मार्ट स्विच हे ॲप आहे. व्हॉट्सॲपचे चॅट अँड्रॉइडकडून अँड्रॉइडकडे किंवा आयफोनकडून आयफोनकडे न्यायला सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स असा रस्ता आहे. नव्या फोनवरचा क्यूआर कोड जुन्याने स्कॅन करायचा, आणि दोन्हीकडे तोच नंबर हवा.

जुन्या फोनमधलं काही पुसण्याआधी नव्या फोनवरची फोटोंची संख्या मोजून जुळवा, आणि सगळ्यात मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे ओढून चालवून बघा. अर्धवट पोचलेला व्हिडिओ सुरुवातीला नीट चालून शेवटी थांबू शकतो.